घर राखण्यासाठी काढलेली कंपनी

जुनी मालिका टीव्हीवर पुन्हा लागली की घरात कुणीतरी म्हणतंच, "हे तर पाहिलंय आपण!" आणि तरीही अम्मीपासून नातवंडांपर्यंत सगळे बसून ती पाहतात. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवायचा आणि त्यावर पुन्हा पैसे मिळवायचे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीकाळी कुणाला तरी सुचावी लागली असेल, हे मनातही येत नाही. १९५० सालच्या अमेरिकेत मात्र टीव्हीवर एकदा झालेला कार्यक्रम म्हणजे खाल्लेला घास. तो संपला, त्याची आता काय किंमत, असं मोठमोठ्या कंपन्यासुद्धा धरून चालत. हा हिशेब बदलण्यात एका नवरा-बायकोने काढलेल्या कंपनीचा वाटा फार मोठा आहे. कंपनीचं नाव देसीलू. नवरा देसी आर्नाझ, बायको ल्युसील बॉल, आणि दोघांच्या नावांची सांगड घालून झालं देसीलू. आपल्याकडे बंगल्याला नवरा-बायकोच्या नावांचं जोडनाव देतात ना, तसंच. खरोखरच हे नाव आधी त्यांच्या घराचं होतं. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला त्यांची पाच एकरांची वाडी होती, तिचं नाव देसीलू. कंपनी नंतर आली.

देसी हा क्यूबाचा. १९१७ साली सांतियागो शहरात जन्मला. वडील त्याच शहराचे महापौर, घरची जमीनजुमल्याची श्रीमंती. १९३३ मध्ये क्यूबात उठाव झाला, सरकार पडलं, वडील तुरुंगात गेले आणि घरदार, जमीन सगळं गेलं. सुटकेनंतर वडील अमेरिकेत मायामीला आले, मागोमाग देसीही आला. महापौराचा हा मुलगा कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ करून दिवस काढू लागला. इंग्रजी मोडकंतोडकं, पण गळा होता आणि ढोलावर हात चालत होता. त्या जोरावर तो वाद्यवृंदात शिरला आणि पुढे स्वतःचा वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरू लागला.

ल्युसील १९११ ची, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या लहान गावातली. चार वर्षांची व्हायच्या आतच वडील टायफॉइडने गेले. ती मोठी झाली ती आईच्या आणि आजोबांच्या छायेत. हॉलिवूडमध्ये आरकेओ नावाच्या स्टुडिओत ती पगारावर काम करणारी नटी होती. चेहरा देखणा, मेहनत भरपूर, पण मोठी भूमिका काही वाट्याला येत नव्हती. १९४० मध्ये त्याच आरकेओच्या एका चित्रपटाच्या निमित्ताने दोघांची गाठ पडली आणि नोव्हेंबर अखेरीस लग्नही झालं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि ती एकोणतीसची.

लग्न झालं, पण संसार होईना. ती पहाटे चित्रीकरणाला निघायची, तेव्हा तो रात्रीचा कार्यक्रम आटोपून परत येत असायचा. पुढे महिनोन्‌महिने तो दौऱ्यावर. त्यात त्याला दारूचा नाद आणि परक्या बायकांचाही. १९४४ मध्ये ल्युसीलने घटस्फोटाचा अर्जही केला होता, मग दोघांचं जुळलं आणि तो बारगळला. मूल हवं होतं, पण दिवस राहून जात होते. लग्नाला नऊ-दहा वर्षं झाली तरी घर रिकामंच होतं.

याच सुमारास सीबीएस या नभोवाणी कंपनीवर ल्युसीलची एक विनोदी श्रुतिका गाजत होती. एका बँकवाल्याच्या खटपट्या बायकोची गोष्ट. टीव्ही नवा नवा आला होता, सीबीएसने ती टीव्हीवर आणायचं ठरवलं. ल्युसील म्हणाली, आणते, पण नवऱ्याच्या भूमिकेत माझा नवराच हवा. सीबीएसचे लोक बिचकले. लालबुंद केसांची अमेरिकन बाई आणि तिचा नवरा क्यूबाचा, बोलतो अशा हेलाने, हे लोकांना खरं वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गंमत पाहा, दोघांच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं होत आली होती! पण ल्युसीलचा हट्ट भूमिकेपुरता नव्हता. नवरा एका गावी, एका घरी, एका वेळेला राहावा, एवढ्यासाठी ती अडून बसली होती.

लोकांना पटेल की नाही हे लोकांनाच विचारू, असं दोघांनी ठरवलं. १९५० मध्ये त्यांनी देसीलू प्रॉडक्शन्स ही कंपनी काढली आणि त्या उन्हाळ्यात नाट्यगृहांतून आपला नकला-गाण्यांचा खेळ घेऊन दौरा केला. खेळ चालला. लोक पोट धरून हसले. क्यूबाचा नवरा कुणाला खटकला नाही. सीबीएसने मान्यता दिली आणि फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी प्रायोजक म्हणून आली. मालिकेचं नाव ठरलं 'आय लव्ह ल्युसी'.

इथे खरा पेच आला. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत, कारण टीव्ही असलेली बहुतेक घरं देशाच्या पूर्व भागात होती. पश्चिमेकडच्या लोकांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्याची फिल्म काढत आणि ती पाठवत. चित्र धूसर, माणसं जणू धुक्यातून बोलताहेत अशी. सीबीएसचं आणि प्रायोजकाचं म्हणणं, न्यूयॉर्कला या. नवरा-बायको म्हणाले, आम्ही घर सोडणार नाही. ल्युसील तेव्हा गरोदर होती. पहिलं मूल, ल्युसी नावाची मुलगी, १९५१ च्या जुलैमध्ये झाली तेव्हा ल्युसील चाळिशीला टेकली होती. देसीने तोड काढली. मालिका चित्रपटासारखी चांगल्या फिल्मवर हॉलिवूडमध्येच चित्रित करायची. मग न्यूयॉर्क काय आणि लॉस एंजेलिस काय, सगळीकडे सारखंच स्वच्छ चित्र.

पण फिल्म महाग. जास्तीचा खर्च कोण देणार? सीबीएसने हात वर केले, सिगारेट कंपनीनेही. शेवटी दोघांनी आपल्या आठवड्याच्या पगारातून हजार डॉलर कमी करून घेतले आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली : पहिल्यांदा दाखवून झाल्यावर या फिल्मची मालकी आमची. सीबीएसने हसत हसत हो म्हटलं असेल. खाल्लेल्या घासाची मालकी मागणारी माणसं त्यांना भोळसटच वाटली असणार.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते तेव्हा मजुरी आणि मालकी हा फरक समजावताना मुलांच्या चेहऱ्यावर नेहमी कंटाळा दिसतो. या करारात तो फरक अगदी स्वच्छ आहे. पगार आज हातात पडतो आणि महिनाअखेर संपतो. मालकी आज दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच ती त्या दिवशी इतकी स्वस्तात मिळाली.

आता ती फिल्म काढायची कशी? ल्युसीलचा विनोद समोर माणसं हसत असली की खुलायचा. म्हणजे प्रेक्षक हवेत. पण चित्रपट तर तुकड्यातुकड्यांनी, प्रकाश बदलत, एका कॅमेऱ्यावर काढतात. प्रेक्षक किती वेळ ताटकळणार? त्यांनी कार्ल फ्रॉइंड या म्हाताऱ्या कॅमेरामनला गाठलं. जर्मनीत 'मेट्रोपोलिस'सारख्या नामांकित मूकपटावर काम केलेला, हॉलिवूडमध्ये ऑस्कर मिळवलेला माणूस. त्याने दिवे वरून असे टांगले की सगळीकडे सारखाच उजेड पडावा, आणि भिंतींपासून सामानापर्यंत सगळ्याला राखाडी रंगाच्या छटा दिल्या. मग तीन कॅमेरे एकाच वेळी चालू : एक लांबून, दोन जवळून. नाटकासारखा प्रयोग सलग होत राहायचा आणि तिन्ही फिती नंतर एकत्र बघून जोडायच्या. त्यासाठी तीन फिती शेजारी शेजारी चालवणारं एक अवजड यंत्र बनवलं. अनेक कॅमेऱ्यांनी फिल्मवर टीव्ही कार्यक्रम टिपण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, ते काही यांनीच प्रथम शोधलं असं नाही. पण गोष्ट, प्रेक्षक आणि तीन कॅमेरे यांचा मेळ असा बसला की पुढची कित्येक दशकं अमेरिकेतल्या विनोदी मालिका याच पद्धतीने निघत राहिल्या.

अडचणी बारीकसारीकही होत्या. स्टुडिओत तीनशे माणसं बसवायची तर आगीच्या नियमांप्रमाणे रस्त्यावर उघडणारं दार हवं. म्हणून भिंत फोडून दार काढलं. प्रेक्षकांत ल्युसीलची आई दर वेळी हजर. मुलगी पडद्यावर काही उपद्व्याप करायला निघाली की त्या माउलीच्या तोंडून काळजीचा हुंकार निघे आणि तो ध्वनिमुद्रणात तसाच राहून जाई. ते जुने भाग नीट ऐकले तर तो हुंकार अजून ऐकू येतो.

पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ ला लागला. कथा साध्या असत. ल्युसीला नवऱ्यासारखं रंगमंचावर जायचं असतं, नवरा जाऊ देत नाही, मग ती शेजारणीला हाताशी धरून काहीतरी युक्ती लढवते आणि ती अंगाशी येते. १९५२ मधल्या एका भागात बायका नोकरीला जातात आणि पुरुष घर सांभाळतात. चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून वड्या इतक्या वेगाने येऊ लागतात की कागदात गुंडाळायला वेळच मिळत नाही. मग दोघी त्या तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात. तिकडे घरी नवऱ्याने भात टाकलेला, तांदूळ किती घ्यायचे याचा अंदाज नाही. भात उतू जाऊन स्वयंपाकघरभर! आपल्या घरात हा प्रसंग कुणाला परका वाटेल?

या कथा लिहिणाऱ्यांत मॅडलिन प्यू ही तरुण स्त्री होती. कागदावर लिहिलेली कसरत एखाद्या बाईला खरोखर जमेल का, हे ती आधी स्वतः करून बघे. देसीच्या बोलण्याच्या हेलाबाबत लेखकांना एक गोष्ट लवकरच कळली. बायकोने त्याच्या उच्चारांची नक्कल केली की प्रेक्षक हसत. दुसऱ्या कुणी केली की गप्प बसत. म्हणून तो हक्क फक्त बायकोला ठेवला.

१९५२ मध्ये ल्युसीलला पुन्हा दिवस गेले. पुन्हा धांदल. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर गरोदर बाई दाखवायचा रिवाज नव्हता. तिला खुर्च्या-टेबलांच्या आड उभी करा, असा सल्ला आला. देसीने थेट सिगारेट कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं की देशातला पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम आम्ही दिला आहे, आता कसा चालवायचा ते आम्हाला ठरवू द्या. प्रमुखाने आपल्या माणसांना देसीच्या वाटेला जाऊ नका असं बजावलं म्हणतात. तरी 'गरोदर' हा इंग्रजी शब्द उच्चारायला सीबीएसने बंदी केली. त्याऐवजी सौम्य शब्द वापरले. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून संहिता एका कॅथलिक धर्मगुरूला, एका प्रोटेस्टंट धर्मगुरूला आणि एका यहुदी धर्मगुरूला दाखवल्या जात. तिघांनाही आक्षेपार्ह असं काही सापडलं नाही. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेतल्या ल्युसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी खऱ्या ल्युसीललाही शस्त्रक्रियेने मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, ती पाहणारे याहून बरेच कमी होते.

बाळंतपणात बाईला विसावा हवा, पण कार्यक्रम तर दर सोमवारी लागायचा. मग? आधीचे भाग, सुरुवातीला थोडं नवं चित्रीकरण जोडून, पुन्हा दाखवले. लोकांनी ते पुन्हा आवडीने पाहिले. खाल्लेला घास मुळी संपलाच नव्हता, आणि तो कुणाच्या मालकीचा आहे हे सीबीएसला तेव्हा नीट कळलं.

त्याच वर्षी सगळं एका आठवड्यात बुडायची वेळ आली होती. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांच्या शोधाचा ज्वर चढलेला. १९३६ साली ल्युसीलने मतदार म्हणून नाव नोंदवताना आजोबांच्या हट्टापायी कम्युनिस्ट पक्षाचं नाव दिलं होतं. म्हातारा कामगारांचा कैवारी, त्याचं मन राखायला घरातल्या सगळ्यांनीच तसं केलं. सतरा वर्षांनी ते कागद बाहेर निघाले. अशा संशयाने कित्येकांचं काम कायमचं सुटलं होतं. देसी चित्रीकरणाआधी प्रेक्षकांपुढे उभा राहिला. आपणही घरदार गमावून या देशात आलो आहोत हे सांगितलं आणि शेवटी विनोद केला की ल्युसीचं लाल असं काही असेल तर ते फक्त केस, आणि तेही खरे नाहीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रायोजक पाठीशी राहिला, संकट टळलं.

कंपनी मग झपाट्याने वाढली. इतरांच्या मालिकांचं चित्रीकरण करून देणं, स्वतःच्या नव्या मालिका काढणं, स्टुडिओ भाड्याने घेणं. १९५७ पर्यंत 'आय लव्ह ल्युसी'चे अर्ध्या तासाचे १८० भाग झाले. त्याच वर्षी आरकेओ स्टुडिओ विकायला निघाला. ज्या स्टुडिओत ल्युसील पगारावर दुय्यम भूमिका करत होती, जिथे दोघं भेटली, तोच स्टुडिओ देसीलूने ६० लाखांहून जास्त डॉलर मोजून घेतला. चित्रीकरणाच्या ३३ शेड त्यांच्या ताब्यात आल्या, त्या काळच्या नावाजलेल्या एमजीएम स्टुडिओपेक्षाही जास्त. पिंजरे साफ करणारा पोरगा आणि चार पैशांची नटी, दोघं मालक झाली.

पण एवढे पैसे आले कुठून, हे पाहिलं की माझ्या मनात चर्र होतं. पगार कापून जी मालकी मिळवली होती, ती 'आय लव्ह ल्युसी'च्या भागांची मालकी त्यांनी याच सुमारास सीबीएसला ४०-५० लाख डॉलरच्या घरात विकून टाकली. त्या वेळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती, आणि वाढत्या धंद्याला रोकड लागते हेही खरं. पण २०१२ च्या सुमारास, म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही, त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या मालिकेतून सीबीएसला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मिळत असल्याची बातमी आली होती. ज्यांनी पहिल्या दिवशी ती किंमत ओळखली, त्यांनीच ती सहा वर्षांत मोडली. नांदत्या घरातली जमीन विकून दुकान वाढवणारी माणसं आपणही पाहिलेली आहेत. त्यांना मूर्ख म्हणवत नाही, पण जमीन गेलेली असते.

सिगारेटचंही सांगायला हवं. प्रायोजक खूश राहावा म्हणून मालिकेत आणि जाहिरातीत नवरा-बायको झुरके घेताना दिसत. घराघरांतल्या लहान मुलांसमोर. त्या काळात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. देसी १९८६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

१९५९ मध्ये देसीलूने 'द अनटचेबल्स' ही मालिका काढली. शिकागोतल्या दारूच्या टोळ्या आणि त्यांच्यामागे लागलेले सरकारी अधिकारी. मालिका तुफान चालली, पण इटालियन वंशाचे अमेरिकन संतापले. दर आठवड्याला गुन्हेगार म्हटला की नाव इटालियन, मग आमच्या मुलांकडे शाळेत लोक कसे बघतील, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी नुसते निषेधाचे ठराव केले नाहीत, प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीच्या मालावर बहिष्कार घातला, न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांनी तिचा माल हाताळायला नकार दिला. कंपनीने प्रायोजकत्व सोडलं आणि १९६१ मध्ये देसीलूला कबूल करावं लागलं की काल्पनिक गुंडांना इटालियन नावं देणार नाही. पडद्यावरच्या खलनायकाचं नाव कुठल्या वस्तीतलं असतं, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणून मला हा तपशील या साऱ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. आणि विरोधाभास असा की ही मालिका काढणारा देसी स्वतः परका म्हणून नाकारला गेलेला माणूस होता.

मालक झाल्यावर देसीच्या डोक्यावरचं ओझं वाढलं, आणि ओझ्याबरोबर दारूही. पडद्यावरचं जोडपं भांडून शेवटी गळ्यात पडत होतं, घरी मात्र बोलणं बंद झालं होतं. नवरा घरी राहावा म्हणून काढलेल्या कंपनीनेच आता त्याला घराबाहेर ठेवलं होतं. मार्च १९६० मध्ये दोघांनी ल्युसी-रिकीचा शेवटचा भाग चित्रित केला. तो चित्रित झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ल्युसीलने घटस्फोटाचा अर्ज दिला. मे महिन्यात तो मंजूर झाला. मुलं नऊ आणि सात वर्षांच्या आसपास.

संसार मोडला तरी कंपनीत दोघं भागीदार होतीच. ते फार काळ निभणारं नव्हतं. १९६२ च्या अखेरीस ल्युसीलने कर्ज काढून देसीचा हिस्सा २५-३० लाख डॉलरच्या दरम्यान विकत घेतला आणि ती देसीलूची अध्यक्ष झाली. एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ एका स्त्रीच्या हाती येण्याची ही पहिली वेळ. तिला ते पद आवडत नव्हतं, हे तिने कधी लपवलं नाही. दिवसभर अभिनय, मग हिशेबाच्या बैठका, कुणाला कामावरून काढायचं याचे निर्णय. बाहेरचे लोक तिला नवऱ्याच्या खुर्चीवर बसलेली बाई समजत. पण कागद पाहिले तर तिने धाडसाचे निर्णय घेतलेले दिसतात.

त्यातला एक म्हणजे 'स्टार ट्रेक'. जीन रॉडनबेरी नावाच्या लेखकाने अंतराळात फिरणाऱ्या जहाजाची कल्पना १९६४ मध्ये देसीलूकडे आणली. कंपनीतला एक अधिकारी हर्बर्ट सोलो पुढे सांगत असे की हे नाव ऐकून ल्युसीलला आधी वाटलं, चित्रपटातल्या ताऱ्यांनी सैनिकांच्या करमणुकीसाठी काढलेल्या दौऱ्याची ही गोष्ट असणार! नमुन्यादाखल केलेला पहिला भाग एनबीसी वाहिनीने नाकारला, पण दुसरा करून दाखवा म्हटलं. कंपनीतले हिशेबनीस म्हणत होते, हे आपल्याला बुडवणार. 'मिशन : इम्पॉसिबल'सुद्धा तशीच खर्चिक. ल्युसीलने दोन्हींना होकार दिला. सप्टेंबर १९६६ मध्ये दोन्ही मालिका नऊ दिवसांच्या अंतराने सुरू झाल्या. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची, ती हीच. मोठ्या भावंडांनी टोकदार कानांच्या स्पॉकची नक्कल करून आम्हा धाकट्यांना घाबरवलेलं अनेकांना आठवत असेल.

हिशेबनीसही चुकीचे नव्हते. एका भागाला जेवढा खर्च येई, तेवढे पैसे वाहिन्या देत नसत, उरलेला भार कंपनीवर. तो भरून निघायला वर्षं लागली असती, आणि देसीलूच्या गाठीला आता पुन्हा पुन्हा दाखवता येईल असं 'आय लव्ह ल्युसी'सारखं भांडारही उरलं नव्हतं. १९६७ मध्ये ल्युसीलने कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला विकली. या समूहाने आदल्याच वर्षी शेजारचा पॅरामाउंट स्टुडिओ घेतला होता. दोन स्टुडिओंच्या मधली भिंत पाडली, देसीलूचं नाव पुसलं आणि ते पॅरामाउंट टेलिव्हिजन झालं. ज्या 'स्टार ट्रेक'ने बुडवलं म्हणावं, त्याचे पुढे चित्रपटांमागून चित्रपट आणि मालिकांमागून मालिका निघाल्या. 'मिशन : इम्पॉसिबल'चे चित्रपट तर आपली मुलंही पाहतात. ती कमाई पॅरामाउंटची.

ल्युसीलने मग स्वतःची लहान कंपनी काढली आणि 'हिअर्स ल्युसी' या मालिकेत आपल्या दोन्ही मुलांना घेऊन काम केलं. ही मालिका १९७४ पर्यंत चालली. दोघांनीही दुसरी लग्नं केली, पण एकमेकांविषयी वाईट बोलली नाहीत. २ डिसेंबर १९८६ ला देसी गेला. त्यानंतर काही दिवसांतच वॉशिंग्टनला ल्युसीलचा मोठा राष्ट्रीय गौरव झाला. त्यासाठी देसीने आजारपणात लिहून ठेवलेला मजकूर तिथे 'द अनटचेबल्स'च्या नायकाने, रॉबर्ट स्टॅकने, वाचून दाखवला. मालिकेचं नाव हे नुसतं नाव कधीच नव्हतं, असा त्याचा आशय होता. एप्रिल १९८९ मध्ये ल्युसीलही गेली.

त्यांच्या मुलीला मागाहून घरात जुनी रिळं सापडली, वाडीवर हौसेने काढलेली. पोहण्याचा तलाव, कुत्री, पाळण्यातली बाळं, आणि कॅमेऱ्यासमोर वेडेवाकडे चेहरे करणारी नवरा-बायको. १९९३ मध्ये तिने त्यांचा माहितीपट केला. त्यात तिने आई-वडिलांचं भांडणही झाकलं नाही आणि दारूही नाही.